आदिवासी मुलींचे विज्ञान-शिबिर : दूरदेशीचा एक प्रयोग आणि आपण



गेल्या हंगामात आम्ही एका संध्याकाळी काट्याजवळ उभे होतो. गाड्यांची रांग अड्ड्यापासून रस्त्यापर्यंत आलेली. शेजारी नंदुरबारकडच्या एका आदिवासी टोळीतली मुलगी वजनाच्या पावत्या हातात घेऊन उभी होती. वय तेराएक वर्षांचे. आईबापांना अक्षरओळख नाही, म्हणून टोळीच्या पावत्यांचा हिशेब हीच ठेवते. तिने आमच्याबरोबरच्या शेतकी खात्याच्या माणसाला विचारले,

"साहेब, मोळ्या तेवढ्याच, फड तोच. काल तोडला नि कालच काट्यावर आला, तर वजन जास्त. आज रातभर गाडी थांबली, तर वजन कमी. मधलं वजन कुठं गेलं?"

तो हसला. म्हणाला, "पोरी, ऊस वाळतो. जा आता."

उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. ती पावत्यांची घडी करून निघून गेली. आम्हाला मात्र चैन पडेना. या पोरीने तोच फड धरला, मोळ्या सारख्या धरल्या, फक्त वेळ बदलला आणि वजनाची तुलना केली. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात? तिला हे विज्ञान आहे असे कोणी सांगितलेले नव्हते, एवढेच.

चौकशी केली तेव्हा कळले, तिचे नाव आश्रमशाळेत आठवीला आहे. दिवाळीनंतर आईबरोबर आली, धाकट्या भावाला सांभाळायला.

अशा मुलींसाठी जगात कुठे काय चालले आहे, याचा आम्ही शोध घेतला. त्यातली एक हकीकत आपल्यासमोर ठेवीत आहोत. ती ऑस्ट्रेलियाची आहे, आणि तिथेही ऊस आहेच.

उसाच्या मुलखातले मूळचे लोक

ऑस्ट्रेलियातील सुमारे ९५ टक्के साखर क्वीन्सलँड या एका राज्यात होते. पूर्व किनाऱ्याने मैलोगणती ऊस. आज तोडणी सगळी यंत्राने होते, पण पूर्वी तिथेही कोयताच होता, आणि तो परक्या माणसांच्या हाती होता. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२ हजार मजूर-करारांवर माणसे आणली गेली. त्यांतली कित्येक फसवून किंवा जबरीने आणलेली. पुढे १९०१ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना परत घालवण्यात आले. गरज होती तोवर आणले, संपली तेव्हा हाकलले!

त्या जमिनीचे मूळचे लोक म्हणजे तिथले आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक. २०२१ च्या खानेसुमारीत त्यांची संख्या ८ लाख १२ हजार भरली. देशाच्या लोकसंख्येत शंभरात तीनाहून थोडी अधिक. पन्नास हजार वर्षांहून जुना त्यांचा तिथला वास. पण गोऱ्यांचे राज्य आल्यावर जमीन गेली, भाषा गेल्या, आणि पुढे मुलेही गेली.

निवासी शाळेचा जुना अर्थ

मुले गेली हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. सुमारे १९१० ते १९७० या काळात तिथल्या सरकारांनी आदिवासी मुलांना आईबापांकडून काढून संस्थांत आणि परक्या घरांत ठेवले. १९९७ साली सरकारी चौकशीचा अहवाल आला. त्याच्या अंदाजाने दहात एक ते तिनात एक इतकी मुले अशी नेली गेली.

मुलींसाठी न्यू साऊथ वेल्स राज्यात कूटामंड्रा गावी एक निवासी संस्था होती. साठ वर्षांच्या आसपास चालली आणि १९६० च्या दशकाअखेर बंद झाली. नाव शिक्षणाचे, पण शिकवायचे काय? धुणे, भांडी, झाडलोट, शिवण. चौदा-पंधराची झाली की मुलगी गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवायची. तिचा पगारही बराचसा मंडळाच्या खात्यात जमा व्हायचा, आणि कित्येकींना तो कधी मिळालाच नाही. आपली बोली बोलायची नाही, घरच्यांना भेटायचे नाही.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत या सर्वांची देशाच्या वतीने माफी मागितली. माफीने आई परत मिळत नाही, हे खरे. पण त्या समाजात 'मुलीला निवासी ठिकाणी पाठवा' हा शब्द उच्चारताच आजीच्या अंगावर काटा का येत असेल, हे आपण समजू शकतो. तिथे मुलींचे निवासी शिबिर भरवायचे, तर या काट्यावरूनच चालत जावे लागते.

नऊ दिवसांची शाळा

तिथल्या सरकारी संशोधन संस्थेचे नाव सी. एस. आय. आर. ओ. शेती, खाणकाम, अंतराळ सगळ्यात तिचे काम. या संस्थेने बी. एच. पी. या खाण कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या पैशातून २०१४ ते २०२१ अशी आदिवासी मुलांच्या विज्ञान-शिक्षणाची योजना राबवली. तिचा एक भाग म्हणजे 'ॲसेट्स' ही उन्हाळी शाळा. दहावीच्या आदिवासी मुलामुलींना नऊ दिवस एकत्र ठेवायचे. राहणे, जेवण, प्रवास सगळे फुकट. ॲडलेड, न्यूकॅसल आणि टाऊन्सव्हिल या शहरांत ती भरे. त्यातले टाऊन्सव्हिल ऐन उसाच्या पट्ट्यातले. तिथला उन्हाळा म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, म्हणजे आपल्याकडे गाळप ऐन भरात असते तेव्हा तिकडे सुट्टी.

या नऊ दिवसांत मुलांचे गट पाडत. प्रत्येक गटाला एक खरा प्रश्न. त्यावर शास्त्रज्ञांबरोबर काम करायचे, मोजायचे, लिहायचे आणि शेवटी सर्वांपुढे उभे राहून मांडायचे. यात नवल नाही, चांगल्या शिबिरांत असे होतेच. नवल पुढे आहे. शास्त्रज्ञाच्या बरोबरीने तिथे त्या समाजाची वडीलधारी माणसे बसत. ज्या भूमीवर शिबिर, तिथल्या ज्येष्ठांचा मान पहिला. मुलीने प्रयोगशाळेत जे पाहिले, त्यावर आजी काय म्हणते हेही त्याच वर्गात.

आणि प्रश्नही जवळचे मिळतात. टाऊन्सव्हिलच्या दोन्ही अंगांना ऊस आणि समोर समुद्रात प्रवाळाची जगप्रसिद्ध रांग. शेतात घातलेल्या युरियातले नत्र पावसाने नदीत, नदीतून समुद्रात जाते आणि प्रवाळाला बाधते. त्यामुळे २०१९ साली क्वीन्सलँड सरकारने खतावरचे नियम कडक केले. ऊसकरी नाराज झाले. पण किती नत्र कोणत्या शेतातून वाहते, हे मोजणारा माणूस दोघांनाही लागतोच. तो माणूस किनाऱ्यावरच्या आदिवासी घरातली मुलगी असायला काय हरकत आहे?

घरचेच शास्त्र

आपण म्हणाल, आदिवासींचे आणि विज्ञानाचे काय नाते? या शिबिरांचा मुख्य धडा हाच आहे की नाते फार जुने आहे. तीन उदाहरणे देतो.

पहिले पाण्याचे. व्हिक्टोरिया राज्यात बज बिम नावाचा जुन्या लाव्हाचा प्रदेश आहे. तिथल्या गुंडिचमारा लोकांनी काळ्या दगडाचे पाट, बांध आणि कोंडाळी रचून वाम मासे पाळण्याची व्यवस्था केली. किमान ६,६०० वर्षांपूर्वीची! २०१९ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पाण्याची पातळी, उतार, भरती-ओहटीचे ऋतू यांचे गणित न करता हे कोण उभारील? आपल्या खानदेशातल्या पांझरा-मोसम काठच्या फड-बंधाऱ्यांची आठवण व्हावी असे काम. तेही पदवीधर इंजिनिअरने आखलेले नव्हतेच.

दुसरे अन्नाचे. उत्तर क्वीन्सलँडच्या जंगलात काही बिया विषारी आहेत. तिथल्या बायका त्या भाजून, कुटून, टोपल्यांत घालून वाहत्या पाण्यात ठेवीत, म्हणजे विष धुऊन जाई. आपल्या सह्याद्रीत आणि सातपुड्यात कडू कंद शिजवून पाण्यात ठेवतात, तोच प्रकार. याला रसायनशास्त्र म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

तिसरे आकाशाचे, आणि हे शेतकऱ्याला फार आवडेल. आपण ताऱ्यांच्या आकृती पाहतो; ते लोक ताऱ्यांमधला अंधारही वाचतात. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांचा त्यांनी एक एमू पक्षी पाहिला. डोके त्रिशंकूजवळ, धड वृश्चिकाकडे. कामिलरोई लोक त्यावरून ऋतू ओळखत. एप्रिल-मेमध्ये एमू धावताना दिसला की एमूंचा जोडीचा काळ. जून-जुलैमध्ये तो बसल्यासारखा दिसला की अंडी गोळा करायची वेळ. आपण रोहिणीत नांगरट आटोपतो नि मृगाची वाट बघतो, ती हीच विद्या. गंमत अशी की आपल्या कृत्तिका तिकडे सात बहिणी आहेत, आणि आपल्या मृगाच्या जागी त्यांचा पाठलाग करणारा पुरुष. दोन खंडांतल्या दोन समाजांनी त्याच आभाळात पाठलाग पाहिला.

ज्या मुलीला शाळेत कायम 'तुमच्या लोकांना काय कळते' असेच ऐकावे लागले, तिला शिबिरात कोणी सांगते की तुझ्या आजीला आकाश वाचता येत होते, चल, आता दुर्बिणीतून पाहू. त्या मुलीची मान किती वर येईल, कल्पना करा.

हुशारी होती, हात नव्हता

ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर १९९५ पासून डेव्हिड युनायपन या आदिवासी माणसाचे चित्र आहे. १८७२ चा जन्म. मेंढीची लोकर कातरण्याच्या यंत्रात त्याने सुधारणा केली आणि १९०९ साली तात्पुरते पेटंट घेतले. पुढच्या नोंदणीला पैसे नव्हते, पेटंट गेले. नोटेवर चित्र आले, पण जिवंतपणी खिशात नोट आली नाही. हुशारीला वेळेवर हात मिळाला नाही की असे होते.

हात मिळाला की काय होते, तेही पाहा. टॅमवर्थ गावची कार्ली नून ही कामिलरोई मुलगी. लहानपणी शाळेत नियमित नव्हती. समाजातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने घरी येऊन तिला गणित शिकवले. तीच मुलगी पुढे न्यूकॅसल विद्यापीठातून गणित आणि भौतिकशास्त्र अशा दोन पदव्या एकत्र घेणारी देशातली पहिली आदिवासी स्त्री झाली आणि खगोलशास्त्रात गेली. दुसरी मिस्टी जेन्किन्स, वामांचे बांध रचणाऱ्या त्याच गुंडिचमारा लोकांतली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे काम करून ती मेलबर्नला कर्करोगावर संशोधन करते. या दोघी शिबिराने घडवल्या असे आमचे म्हणणे नाही. पण अशा स्त्रिया समोर दिसल्या की आठवीतल्या पोरीला वाट दिसते, हे नक्की.

नऊ दिवसांनी काय होते?

हा प्रश्न आमच्या एका जुन्या सभासदांनी विचारला. "अहो, नऊ दिवसांत काय होणार? लग्नाचे वऱ्हाडसुद्धा चार दिवस राहते."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आपण शेतकरी आहोत. बेणे कितीही चांगले असले, लागण केली आणि पुढे पाणीच दिले नाही, तर उगवण होऊन कोंब जळतो. तिकडच्या लोकांनाही हे ठाऊक होते. म्हणून 'ॲसेट्स'मधून घरी गेलेल्या मुलाला बारावीपर्यंत मार्गदर्शन मिळे. शिबिर ही लागण, पुढची दोन वर्षे पाण्याच्या पाळ्या.

पण दहावीही मुलींसाठी उशिराची ठरते. तोवर बऱ्याच जणी गणित-विज्ञान सोडून मोकळ्या होतात. म्हणून सी. एस. आय. आर. ओ.ने पुढे फक्त आदिवासी मुलींसाठी अकादमी काढली. तिची सुरुवात आठवीपासून. एकदा मुलगी घेतली की शाळा, विद्यापीठ आणि पहिली नोकरी मिळेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही, अशी आखणी. शिबिरे, प्रयोगशाळांच्या भेटी, थोरल्या ताईसारखी मार्गदर्शक आणि घरच्यांशी संबंध, हे सगळे त्यात.

आमच्या मते यातले सार एकच आहे. कूटामंड्राही निवासी होते आणि हेही निवासीच. तिथे मुलीला घरापासून तोडून मोलकरीण केले, इथे नऊ दिवस नेतात आणि अधिक शहाणी करून घरी आणून सोडतात. तिथे भाषा पुसली, इथे आजीला वर्गात बसवले. मुलगी घराबाहेर किती दिवस राहिली यापेक्षा ती कोण होऊन परतली, यावर सगळे अवलंबून आहे.

आता आपल्याकडे पाहू

सभासद बंधूंनो, आपला ऊस कोण तोडतो? दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात, चैत्रापर्यंत कोप्यांत राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पहाटे बाया फडात, मागे भाकरी, पाणी, धाकटी भावंडे हे सगळे मुलीच्या गळ्यात. सहा महिने शाळा बुडते. मुलगी तेरा-चौदाची झाली की घरचे लग्नाचे पाहतात, कारण लग्न झाले की एक कोयता वाढतो आणि मुकादमाकडून उचल मिळते. हे कटू आहे, पण आपल्या बांधावरचेच आहे. साखर आपल्या नावाने पोत्यात पडते, तेव्हा याची थोडी जबाबदारीही आपल्या नावावर पडते.

सरकार काही करीत नाही असे नाही. साखरशाळा झाल्या. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. आदिवासी भागात आश्रमशाळा आहेत. म्हणजे मुलीला राहायला छप्पर आहे. पण छपराखाली काय होते, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याला आठ दिवसांचे शिबिर भरवणे अवघड आहे का? आम्ही विचार केला आणि वाटले, नाही. साखर कारखाना म्हणजेच एक भली मोठी प्रयोगशाळा आहे. बॉयलरमध्ये भुसा जळतो, वाफेवर टर्बाइन फिरते, वीज होते. हे यंत्रशास्त्र. शेवटच्या भांड्यातला रस साठ अंशांच्या आसपासच उकळतो, कारण आतली हवा काढून घेतलेली असते. हे भौतिकशास्त्र. रसाचा एक थेंब ब्रिक्सच्या दुर्बिणीवर ठेवला की गोडी आकड्यांत दिसते. माती तपासायला प्रयोगशाळा आहे. मे महिन्यात गाळप थांबलेले असते, यंत्रे दुरुस्तीसाठी उघडलेली असतात, त्यांची आतडी पाहायला मिळतात. पाहुण्यांसाठी विश्रामगृह आहे. आणि मेमध्ये टोळ्या गावी परतलेल्या असतात, मुलींच्या शाळेला सुट्टी असते.

अटी मात्र तिकडच्याच पाळाव्यात. मुलींबरोबर राहायला विश्वासाच्या बाया असाव्यात. एक आई किंवा आजी त्यांच्याच समाजातली सोबत हवी, नुसती पाहुणी म्हणून नव्हे, तर तिला ठाऊक असलेले झाडपाला-कंदमुळांचे ज्ञान सांगायला. आपल्याही मुली त्यात असाव्यात, म्हणजे बागायतदाराची पोर आणि कोयत्याची पोर एका ताटात जेवतील. आणि शिबिर संपले की नावे वहीत बंद करू नयेत. दर सहामाहीला एक पत्र, एक फोन, पुढच्या वर्गाची चौकशी. पाणी द्यायचे नसेल तर लागण करूच नये.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे. खर्चाचा आकडा संचालक मंडळ ठरवील. आमच्या अंदाजाने तो फार मोठा नसावा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर, कारण ते आपल्यालाही उपयोगी आहे. तोडलेला ऊस श्वास घेतच राहतो आणि उन्हात त्यातले पाणी उडते, म्हणून वजन घटते. शिवाय उसातलीच पाचके साखर फोडून तिचा ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात, आणि कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू शिरून रस बुळबुळीत करतात. म्हणून तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे शास्त्र सांगते. थांबलेल्या गाडीत शेतकऱ्याचे टन जातात, तोडणाऱ्याची मजुरी जाते आणि कारखान्याचा उतारा जातो. तिघांचेही नुकसान तिने एका प्रश्नात पकडले होते.

हे उत्तर आम्ही तिला देऊ शकलो नाही. टोळी चैत्रात गेली. येत्या हंगामात आली, तर कोपीवर जाऊन सांगू. पण त्याहून बरे म्हणजे दहा मोळ्या सावलीत, दहा उन्हात ठेवून, दर चार तासांनी वजन करून तिने स्वतःच ते काढावे, आणि आपल्या शेतकी खात्याला समजावून द्यावे. त्यासाठी मे महिन्यात आठ दिवस पुरेसे आहेत.